पहिलं बाळंतपण मिडवाईफकडे करावं का? गुरुवारी तिला काय विचारू?

बत्तिसावा_आठवडा

नमस्कार. पहिलटकरीण आहे, वय २९, नावाप्रमाणे बत्तिसावा आठवडा चालू. आतापर्यंत सगळं सुरळीत आहे. बीपी ११०/७०, हिमोग्लोबिन ११.४, साखर नॉर्मल, वार (प्लॅसेंटा) वरच्या बाजूला. बाळाचं डोकं खाली आलंय. मागच्या महिन्यात ते आडवं होतं, त्यामुळे 'सध्या तरी' असं म्हणते.

ज्या हॉस्पिटलात नाव नोंदवलंय, तिथेच तळमजल्यावर मिडवाईफचा, म्हणजे बाळंतपणाचं शिक्षण घेतलेल्या बायकांचा, वेगळा विभाग आहे. ऑपरेशन थिएटर आणि डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर. ज्यांचं सगळं नॉर्मल आहे त्यांनी हवं तर बाळंतपण खाली करायचं, असं तिथे चालतं. सहज म्हणून एकदा भेटून आले. डॉक्टरांकडे माझा नंबर लागला की सात मिनिटांत मी बाहेर असते. 'सगळं छान आहे, पुढच्या वेळी या.' इथे मात्र पाऊण तास गेला. तिने माझी फाईल आधी उघडलीच नाही. हात चोळून ऊबदार केले, पोटावर ठेवले आणि म्हणाली, "पाठ डावीकडे आहे, हे वर गोल लागतंय ते ढुंगण, आणि उजवीकडे जे टोचतं ते पाय." मग माझा हात धरून मलाही दाखवलं. घरी आल्यावर नवऱ्याचा हात तिथेच ठेवला, तर नेमकी लाथ बसली.

मन तिकडे ओढतंय, पण धीर होत नाही. नवरा विचारतो, "ऐनवेळी काही झालं तर?" सासूबाई म्हणतात, "डॉक्टर मिळत नव्हते तेव्हा सुईण होती. डॉक्टर हाताशी असताना सुईण कशाला?" दोघांनाही द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. गुरुवारी पुन्हा भेट आहे. काय विचारू? ज्यांना अनुभव आहे त्यांनी खरं खरं सांगा. गोड नको.

---

दोघांची_आई

माझं पहिलं डॉक्टरांकडे, दुसरं मिडवाईफकडे.

पहिल्या वेळी रात्रभर पोटाला ठोके मोजायच्या मशीनचे पट्टे बांधून उताणं झोपवलं होतं. कूस बदलली की मशीन ओरडायचं, मशीन ओरडलं की कुणीतरी येऊन मला पुन्हा उताणं करायचं. सकाळपर्यंत पाच वेगवेगळ्या माणसांनी आतून तपासलं. त्यातल्या दोघांनी नावही सांगितलं नाही. बाळ ठणठणीत झालं, त्यामुळे तक्रार केली की सगळे म्हणायचे, आता काय त्याचं.

दुसऱ्या वेळी मिडवाईफने मला दोनदा घरी परत पाठवलं! गर्भपिशवीचं तोंड दोन बोटं उघडलंय, घरी जा, आंघोळ कर, झोप. इतका राग आला होता म्हणून सांगू. तिसऱ्यांदा गेले तेव्हा सहा सेंटिमीटर. डाव्या कुशीवर झोपून बाळंत झाले, टाके दोन.

आता गोड नको म्हणालीस म्हणून. सात महिने जिच्याशी ओळख झाली, ती त्या रात्री ड्यूटीवर नव्हती. आली ती दुसरीच. चांगली होती, पण माझं रडू थांबेना. तेव्हा पहिला प्रश्न हा विचार की त्या टीममध्ये किती जणी आहेत, आणि त्या सगळ्यांची आधी भेट होईल का.

---

ठोके_मोजणारी

सत्तावीस वर्षं हेच काम केलं, गेल्या वर्षी थांबले. त्यामुळे माझं झुकतं माप कुठे पडणार ते आधीच ओळखून वाच.

सासूबाईंवर रागावू नकोस. त्या म्हणतात ते एका वेगळ्या बाईबद्दल आहे. आजीकडून, मावशीकडून हात शिकलेली, घरोघर जाणारी सुईण. तिच्या हाताला मी नावं ठेवणार नाही. आडवं मूल तिला सोनोग्राफीशिवाय कळायचं. पण तिच्याकडे बीपीचं यंत्र नव्हतं, रक्त थांबवायचं इंजेक्शन नव्हतं, आणि वर न्यायला वरचा मजलाच नव्हता. आजची मिडवाईफ म्हणजे शिकून, परीक्षा देऊन, नोंदणी झालेली बाई. मिडवाईफांचा जो आंतरराष्ट्रीय महासंघ आहे त्याच्या निकषाप्रमाणे थेट शिक्षण किमान तीन वर्षांचं, किंवा आधी नर्सिंग झालेलं असेल तर वर अठरा महिने. शब्द एकच असल्यामुळे घोटाळा होतो. गुरुवारी शिक्षण आणि नोंदणी सरळ विचार. चांगल्या मिडवाईफला त्याचा राग येत नाही.

आता तुझ्या नवऱ्याचा प्रश्न. प्रश्न बरोबर आहे, पण तिला असा विचार: 'काहीतरी बिनसतंय हे तुम्हाला कशावरून कळतं, आणि कळल्यापासून किती मिनिटांत मी वर असते?' यावर ती गप्प झाली किंवा 'अगं, काही होत नाही' म्हणाली, तर उठून ये. मला हे विचारलं की मी कागदच काढून द्यायचे.

त्या कागदावर काय असायचं सांगते, म्हणजे तुला पडताळून बघता येईल. बीपी १४०/९० किंवा वर. सदतीस आठवडे पूर्ण व्हायच्या आत कळा. ताप. अंगावरून रक्त, म्हणजे नुसता चिकट लालसर स्राव नव्हे, ताजं रक्त. पाणमोट फुटून पाणी हिरवट, दाट आलं तर, कारण बाळाने आतच शी केलेली असते. बाळ पायाळू किंवा आडवं लागलं तर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ठोके.

ठोक्यांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझं निम्मं आयुष्य त्यात गेलं. बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असायला हवेत हे कुठेही वाचायला मिळेल. नुसत्या आकड्याने भागत नाही. कळा नीट सुरू झाल्या की दर पंधरा ते तीस मिनिटांनी ऐकायचं, आणि जोर लावायची वेळ आली की दर पाच मिनिटांनी. प्रत्येक वेळी पूर्ण मिनिटभर, आणि कळ संपल्यावरही अर्धा मिनिट तरी कान काढायचा नाही. कळ चालू असताना ठोका थोडा खाली जाऊन लगेच वर आला तर बहुतेक वेळा डोकं दाबलं जातंय, एवढाच अर्थ. कळ ओसरली तरी ठोका खालीच रेंगाळत राहिला की मी फोन उचलायचे. मशीन लावलेलं नसतं म्हणून 'लक्ष नाही' असं लोकांना वाटतं. उलट, मशीन लावून खोलीबाहेर जाता येतं. कानाने ऐकायचं तर बाईजवळ बसावंच लागतं.

आणि खरं सांगायचं तर आमचं बाकीचं काम म्हणजे बसून राहणं. नव्या मुलींना हे सगळ्यात कठीण जायचं. एका रात्री एक पहिलटकरीण पाच तास चार सेंटिमीटरवर अडली होती. बीपी छान, ठोके छान, कळांच्या मध्ये डुलकी काढत होती. माझ्याबरोबरची शिकाऊ मुलगी अस्वस्थ. ताशी एक सेंटिमीटर उघडायला हवं असं तिला पाठ होतं, सारखी म्हणे, सलाईनमधून कळा वाढवायला सांगूया का? मी म्हटलं, तिचा नवरा ज्या खुर्चीवर झोपलाय तिच्या शेजारच्या खुर्चीवर तूही बस. पहाटे साडेचारला ती पहिलटकरीण उठून भिंत धरून उभी राहिली आणि पावणेसातला बाळ बाहेर. ताशी एक सेंटिमीटरचं ते गणित १९५० च्या दशकातलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की पाच सेंटिमीटरच्या आधी घड्याळ लावूच नका, आणि नंतरही केवळ त्या गतीवरून हस्तक्षेप करू नका.

पण एकदा याच बसून राहण्याने मी चुकले. हेही लिहायला हवं. पाणी हिरवट आलं होतं, फिकट. बाई नऊ सेंटिमीटरवर होती, दुसरी खेप. मला वाटलं, वर न्यायच्या आत बाळ येईल. वीस मिनिटं थांबले. बाळ आलं, पण रडलं नाही. श्वास द्यावा लागला, चार दिवस काचेच्या पेटीत होतं. सुखरूप घरी गेलं. त्या आईने मला नंतर फोटो पाठवला. मी अजून त्या वीस मिनिटांचा हिशोब लावते. त्यानंतर हिरवं म्हणजे हिरवं, फिकट-दाट बघत बसले नाही.

---

बत्तिसावा_आठवडा

ताई, शेवटचा परिच्छेद नवऱ्याला वाचून दाखवला. वाटलं होतं तो आणखी घाबरेल. तर म्हणाला, "जी हे लिहिते तिच्याकडे मी तुला सोपवेन." दुर्दैवाने तुम्ही थांबलात!

दोन शंका राहिल्यात. एक, कळा सहन झाल्या नाहीत तर खाली काय मिळतं? एपिड्युरल, म्हणजे ते पाठीतून द्यायचं वेदना थांबवणारं इंजेक्शन? दुसरी, टाके. कळांपेक्षा मला त्या कात्रीची भीती वाटते.

---

वरच्या_मजल्यावरची

मी दुसऱ्या मजल्यावरची, म्हणजे प्रसूतितज्ज्ञ. ताईंचं लिहिणं पटलं, पण आकडे कुणीच दिले नाहीत म्हणून लिहिते.

इंग्लंडमध्ये कमी जोखमीच्या सुमारे ६४ हजार बाळंतपणांचा अभ्यास झाला, २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मिडवाईफच्या विभागात बाळंतपण ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी शंभरातल्या जवळपास चाळीस जणींना मध्येच किंवा बाळंतपणानंतर लगेच डॉक्टरांकडे हलवावं लागलं. चाळीस! तुमच्या यजमानांना हा आकडा आजच सांगा, म्हणजे त्या रात्री 'वर चला' म्हटल्यावर त्यांना जग कोसळल्यासारखं वाटणार नाही. यातल्या बऱ्याच जणी धावतपळत नव्हे, तर गती मंदावली किंवा एपिड्युरल हवं म्हणून हलवल्या गेल्या. बाळांच्या प्रकृतीत मात्र हॉस्पिटलच्या तुलनेत फरक दिसला नाही.

घरी बाळंतपण ठरवलेल्या पहिलटकरणींचं तसं नव्हतं. बाळाला गंभीर त्रास होण्याचं प्रमाण हजारी ९.३, हॉस्पिटलात ५.३. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांत हा फरक दिसला नाही. म्हणून तुमच्या बाबतीत माझं मत असं: मिडवाईफ जरूर, पण पहिल्या वेळी जिना चढून वर येता येईल अशाच ठिकाणी. तुमची सोय तशीच आहे.

एपिड्युरल हवं तर वर यावं लागेल, कारण त्याला भूलतज्ज्ञ लागतो. आणि बीपी वाढलं, वार खालच्या बाजूला आहे असं कळलं, जुळं निघालं, आधीचं सीझर असलं, तर मिडवाईफ एकटीने घेणार नाही. घेते म्हणाली तर मला कळवा. (गंमत नाही.)

---

दोघांची_आई

डॉक्टर, मग मिडवाईफकडे जाऊन फायदा नेमका काय? चाळीस टक्के वरच येणार असतील तर?

---

वरच्या_मजल्यावरची

रास्त. गरोदरपणापासून बाळंतपणापर्यंत मिडवाईफांची तीच टीम सांभाळते तिथल्या १७ अभ्यासांचा एकत्र आढावा २०२४ मध्ये आला, १८ हजारांहून जास्त बायका. चिमटा किंवा व्हॅक्यूम न लावता, सीझर न होता बाळंत होण्याचं प्रमाण ६६ वरून ७० टक्क्यांवर गेलं. सीझर १६ वरून १५. म्हणजे चमत्कार नाही, पण फायदा आहे आणि बायकांचं समाधान जास्त. तुम्ही पहिल्या वेळचं जे लिहिलंत, पाच माणसं आणि नाव न सांगणं, ते आकड्यांत येत नाही. ते वाचून मला माझ्याच वॉर्डाची आठवण झाली आणि बरं वाटलं नाही.

---

पाठ_दाबणारा_बाबा

नवरेमंडळींसाठी एक. मला मिडवाईफने आत घेतलं आणि काम दिलं. प्रत्येक कळेला बायकोच्या कमरेखाली मूठ दाबून धरायची. तीन तास! दुसऱ्या दिवशी चमचा धरवत नव्हता. पण 'धीर धर' असं म्हणत कोपऱ्यात उभं राहण्यापेक्षा ते परवडलं.

आणि सासूबाईंना सांगायला एक इतिहास. १८४० च्या दशकात व्हिएन्नाच्या मोठ्या हॉस्पिटलात दोन प्रसूतिविभाग होते, एक डॉक्टरांचा, एक सुईणींचा. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने कितीतरी जास्त बायका मरायच्या. बायका सुईणींच्या विभागात जागा मिळावी म्हणून विनवण्या करायच्या.

---

ठोके_मोजणारी

बाबा, सासूबाईंपुढे ती गोष्ट नका काढू, उलटेल. त्यात सुईणींची हुशारी काही नव्हती. डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी शवविच्छेदन करून त्याच हातांनी बायकांना तपासायचे, सुईणी प्रेतांना हात लावत नव्हत्या एवढंच. तिथल्याच झेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने १८४७ मध्ये क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि डॉक्टरांच्या विभागातलेही मृत्यू घटले. तेव्हा गुरुवारी बघ, पोटाला हात लावायच्या आधी ती हात धुते का.

डॉक्टर म्हणतात त्यात मला एक शब्द बदलायचा नाही. वर जाणं म्हणजे नापास होणं नव्हे, हे मी बायकांना आठव्या महिन्यातच सांगायचे.

आता तुझ्या शंका. एपिड्युरल खाली नाही, पण कोमट पाण्याचा टब किंवा शॉवर, कमरेला शेक, हालचाल, आणि काही ठिकाणी नळीतून ओढायचा गॅस मिळतो. शॉवरखाली दोन तास काढलेल्या बायका मी पाहिल्यात. तरीही नकोसं झालं तर वर जायचं. त्यात लाज कसली.

कात्री सगळ्यांना लागत नाही. सरसकट काप देणं आता कुठल्याच चांगल्या ठिकाणी करत नाहीत, बाळाला घाईने बाहेर काढायची वेळ आली तरच. फाटू नये म्हणून आम्ही डोकं दिसायला लागलं की कोमट ओला कपडा खालच्या जागेवर धरतो आणि बाईला जोर लावायचा थांबवतो. फुंकर मार, मेणबत्ती विझवल्यासारखी. डोकं एका झटक्यात नाही, हळूहळू सरकत यावं. हे ऐनवेळी ऐकू येत नाही, म्हणून आताच नवऱ्यासमोर सराव कर. हसू येईल, येऊ दे. उताणं झोपायची सक्ती नाही. कुशीवर, गुडघ्यांवर, ओणवं, जसं बरं वाटेल तसं. पहिल्या खेपेला थोडंफार फाटतं, बहुतेक बायकांचं. ते शिवलं की भरून येतं.

एक गोष्ट कुणीच विचारत नाही, ती तू विचार: बाळ झाल्यानंतरच्या पहिल्या तासात तुम्ही काय करता? बाळ आलं की सगळ्यांचे डोळे बाळाकडे. बाळ तुझ्या छातीवर, नाळ निदान मिनिटभर कापायची नाही, हे सगळं छान. पण त्या वेळी मी बाईकडे बघत असायचे. मांडीत १० युनिट ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भपिशवी आवळून रक्त थांबवायचं इंजेक्शन, वार पूर्ण आली का, एखादा तुकडा आत राहिला का ते उलटसुलट करून बघायचं, आणि बेंबीखाली गर्भपिशवी चेंडूसारखी कडक लागते का, हे पुन्हा पुन्हा चाचपायचं. मऊ लागली की समजायचं, रक्त जातंय. डोळ्यांचा अंदाज इथे दगा देतो, हमखास कमी धरला जातो. आता खुणा केलेली प्लॅस्टिकची पिशवी बाईखाली लावतात, त्यात रक्त मोजता येतं. ती पिशवी आणि दिसताक्षणी सगळे उपाय एकदम सुरू करायचे, याची आफ्रिकेतल्या चार देशांत मोठी चाचणी झाली, २०२३ मध्ये निकाल आला. जास्त रक्तस्रावाचे गंभीर परिणाम साठ टक्के कमी. ती पिशवी त्यांच्याकडे आहे का, विचार.

---

बत्तिसावा_आठवडा

गुरुवारी जाऊन आले. नवऱ्याला घेऊन.

तिने आल्या आल्या हात धुतले. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो, तिला काही कळेना. मग फोनवरून तुमचे प्रश्न वाचून दाखवले. टीममध्ये सहा जणी आहेत, छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत चौघींची भेट होईल, उरलेल्या दोघींचं सांगता येत नाही म्हणाली. कधी वर पाठवता विचारल्यावर ड्रॉवरमधून कागद काढला. ताई, जवळपास तुमचाच! बाळाची हालचाल कमी वाटली तर रात्री तीनलाही फोन कर, सकाळची वाट बघू नको, हे तिने स्वतःच्या हाताने खाली लिहून दिलं. किती मिनिटं या प्रश्नाला तोंडी उत्तर दिलं नाही. आम्हाला लिफ्टपर्यंत चालवत नेलं, वर नेलं, थिएटरचं दार दाखवलं. नवऱ्याने घड्याळ लावलं होतं. दोन मिनिटं दहा सेकंद, माझ्या या चालीने.

शेवटचा प्रश्न मात्र फसला. खुणांची पिशवी नाही त्यांच्याकडे. रक्ताने भिजलेले पॅड वजन करून मोजतात म्हणाली. हे चालेल का?

सासूबाईंना लिफ्टचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग सुईण काय अन् डॉक्टर काय, घर एकच आहे की." तो होकार आहे असं आम्ही धरून चाललोय.

---

ठोके_मोजणारी

चालेल. वजन करणं हेही मोजणंच, नुसत्या नजरेच्या अंदाजापेक्षा कितीतरी बरं. कोरड्या पॅडचं वजन वजा करतात ना, एवढं विचारून ठेव.

हॉस्पिटलच्या बॅगेत जाड मोजे टाक. बाळ झाल्यावर बाईला हुडहुडी भरते आणि पाय बर्फासारखे पडतात, आणि तेव्हा मोजे कुणाकडेच नसतात.